चार्जरने केव्हा थांबावे: आमची वाटचाल

हिंगणा एमआयडीसीतील एका भाड्याच्या गाळ्यात ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगच्या कामाने आमची सुरुवात झाली, तेव्हा आपण पुढे हॅम रेडिओच्या, म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवायच्या बिनतारी संचाच्या, हँडसेटसाठी चार्जर बनवू, असे आम्हां पतिपत्नीच्या स्वप्नातही नव्हते. नागपुरातील एक ज्येष्ठ हॅम (असा रेडिओ चालवणारे हौशी) एके दिवशी निकामी झालेले तीन बॅटरी पॅक घेऊन आले आणि त्यांनी ते आमच्या टेबलावर ओळीने मांडले. तिन्ही पॅक निकेल-कॅडमियमचे होते आणि तिन्ही वापरामुळे नव्हे, तर चार्जिंगमुळे खराब झालेले होते. एका पॅकच्या सांध्यातून पांढरी भुकटी बाहेर आली होती. परीक्षा देऊन, परवाना मिळवून, 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आवडीने बोलणाऱ्या माणसाचा संच केवळ चार्जरपायी मुका व्हावा, याचे आम्हांला मनापासून वाईट वाटले. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात हॅम मंडळींनी संदेशवहनाचे मोलाचे काम केले होते, हे आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले होते. अशा प्रसंगी हातातील हँडसेट चार्ज झालेला असणे किती निकडीचे असते, हे वेगळे सांगायला नको.

आमचा पहिला चार्जर अगदी साधा होता. एक ट्रान्सफॉर्मर, एसीचे डीसी करणारा एक ब्रिज, व्होल्टेज किंवा प्रवाह स्थिर ठेवणारी एक एलएम317 चिप आणि 22 ओमचा एक रोध, एवढ्यावर साधारण 57 मिलिअँपिअरचा स्थिर प्रवाह मिळत असे. 600 मिलिअँपिअर-तासांच्या, सहा सेलच्या 7.2 व्होल्टच्या पॅकला हा प्रवाह क्षमतेच्या एकदशांशाइतका पडतो आणि चौदा ते सोळा तासांत पॅक भरतो. निकेल-कॅडमियम इतका हळू प्रवाह थोडा जास्त वेळ मिळाला तरी सहन करते. पुढे ग्राहक निकेल-मेटल हायड्राइडचे पॅक आणू लागले. तेच चार्जर ते दोन-दोन दिवस लावून ठेवीत आणि उन्हाळ्यात पॅक फुगून परत येत.

म्हणून आम्ही जलद चार्जिंगकडे वळलो. पॅक भरला की त्याचा व्होल्टेज किंचित उतरतो, तो उतार ओळखून चार्जरने थांबायचे, अशी ही पद्धत आहे. निकेल-कॅडमियममध्ये हा उतार ठळक असतो, हायड्राइडमध्ये मात्र दर सेलमागे जेमतेम काही मिलिव्होल्ट, आणि गरम पॅकमध्ये तो आणखी पुसट होतो. त्यात भारनियमन होतेच. वीज जाऊन परत आली की चार्जरच्या आयसीमधील (नियंत्रक चिपमधील) टायमर पुन्हा शून्यापासून मोजू लागे, आणि एका दुपारी तीनदा वीज गेली तर जवळजवळ भरलेल्या पॅकवर तीनदा नव्याने चार्जिंग सुरू होई. केवळ व्होल्टेज पाहून थांबणारा चार्जर आमच्या गावात पुरेसा नाही, तापमान पाहणे अपरिहार्य आहे, हे आम्हांला तिथे पटले.

लिथियम-आयनचे पॅक आले तेव्हा आमच्याकडून एक गंभीर चूक झाली आणि ती नोंदवणे आम्ही कर्तव्य समजतो. दोन सेलच्या या पॅकला 8.4 व्होल्टपर्यंत चार्ज करायचे असते आणि त्यात एक टक्क्याहून अधिक चूक चालत नाही. एलएम317 चा संदर्भ व्होल्टेज, ज्यावरून बाहेरचा व्होल्टेज ठरतो, 1.20 पासून 1.30 व्होल्टपर्यंत कुठेही असू शकतो, म्हणून आम्ही मल्टीटर्न प्रीसेटने (पेचकसाने फिरवून बसवायच्या रोधाने) प्रत्येक नग मीटरवर बसवत होतो. कुरिअरच्या हादऱ्यांत काही प्रीसेट सरकले. परत आलेल्या एका नगावर 8.62 व्होल्ट दिसले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी, चाचणीचे काम त्यांच्याकडेच असते, त्या खेपेचे सगळे नग परत मागवण्याचा निर्णय जागच्या जागी घेतला. तेव्हापासून अर्धा टक्का अचूकतेचा टीएल431 हा संदर्भ-व्होल्टेज घटक आणि 0.1 टक्क्याचे रोध वापरतो. पेचकसाने फिरवता येईल असे काही पेटीत ठेवलेलेच नाही. मर्यादाही आम्ही 8.2 व्होल्टवर आणली. यात क्षमता सुमारे दहा टक्क्यांनी कमी मिळते, पण पॅकचे आयुष्य स्पष्टपणे वाढते.

स्विचिंग चार्जर (वेगाने चालू-बंद होत वीज देणारा) थंड चालतो आणि स्वस्त पडतो, तरी आम्ही लिनिअरच (जास्तीचा व्होल्टेज उष्णतेत घालवणारे) राहिलो, कारण शेजारी चालू असलेल्या रिसीव्हरमध्ये खरखर मिसळणारा चार्जर हॅमच्या टेबलावर शोभत नाही. त्याची किंमत उष्णतेने मोजावी लागते. 12 व्होल्टच्या पुरवठ्यातून रिकाम्या पॅकला अर्धा अँपिअर देताना पावणेतीन वॉटच्या आसपास उष्णता निघते. पहिल्या नमुन्यात ट्रान्झिस्टर पॅकच्या खाचेखालीच होता आणि त्याचीच ऊब पॅकला चार-पाच अंशांनी तापवत होती. मग अ‍ॅल्युमिनियमची पट्टी मागच्या बाजूला उभी बसवली.

लिथियम-आयन 45 अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि नागपुरात मे महिन्यात पारा त्याच्याही पुढे जातो. आमचा चार्जर 45 ला थांबतो, 42 ला पुन्हा सुरू होतो आणि मधल्या काळात लाल दिवा लुकलुकतो. पहिल्या उन्हाळ्यात फोनमागून फोन आले. सेमिनरी हिल्सवर संच घेऊन गेलेले एक गृहस्थ थेट गाळ्यातच आले. “अहो भाऊ, तुमचा चार्जर दुपारभर नुसता लुकलुकूनच राहिला,” असे म्हणून त्यांनी पॅक माझ्या हातात ठेवला. तो बंद गाडीत राहिलेला होता. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावले तर 52 अंश. तो आम्ही पंख्याखाली लाकडी फळीवर ठेवला, चहा झाला, गप्पा झाल्या, आणि चाळीस मिनिटांनी दिवा स्थिर झाला. त्यानंतर प्रत्येक पेटीत एक मराठी कार्ड जाते: लाल दिवा लुकलुकत असल्यास पॅक सावलीत निवू द्यावा, कूलरच्या ओल्या झोतासमोर ठेवू नये, उन्हाळ्यात शक्यतो रात्री चार्ज करावा. मर्यादा 50 अंशांवर नेण्याची मागणी विक्रेत्यांनी अनेकदा केली. ती आम्ही मान्य केली नाही आणि करणारही नाही.

सध्या अडचण आहे ती आतले तापमान चार्जरला कळवणारा संपर्कबिंदू नसलेल्या स्वस्त पॅकची. त्यांच्यासाठी खाचेच्या तळाशी स्प्रिंगवर बसवलेला 10 किलोओमचा थर्मिस्टर (तापमानानुसार बदलणारा रोध) पॅकच्या अंगाला टेकेल, अशी रचना केली आहे. बाहेरून मोजलेले तापमान आतल्या सेलपेक्षा मागे राहते, म्हणून या नमुन्यात थांबण्याची मर्यादा 42 अंश ठेवली आहे. गाळ्याच्या गच्चीवरील पत्र्याच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी त्याची पूर्ण चाचणी झाल्याखेरीज तो विक्रीला काढायचा नाही, असे ठरले आहे.