आल्टरनेटर बदलण्याआधी मीटर लावा
हर्णै बंदरात आजची दुपार तांडेलकाकांच्या जुन्या होडीवर गेली. इंजिन झकास चालतं, सेल्फही मारतं, पण बॅटरी चार्ज होत नव्हती. "आल्टरनेटर गेला, नवा घ्या," असं काकांना कुणीतरी सांगून ठेवलेलं.

आल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र. त्याचा पट्टा घट्ट होता. इंजिन चालू असताना बॅटरीवर १२.३ व्होल्ट. तिथे १४ च्या आसपास दिसायला हवेत. मग मीटर थेट आल्टरनेटरच्या आउटपुटवर लावला, तर १४.३! म्हणजे आल्टरनेटर ठणठणीत, दोन व्होल्ट वाटेतच जात होते. आउटपुटची वायर सोलली तर आतलं तांबं काळं पडून भुगा झालेलं. बाहेरून रबर अगदी नव्यासारखं. खारी हवा लगच्या, म्हणजे वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडाच्या, तोंडातून आत शिरते आणि वायर आतून खाते. म्हणून होडीला कल्हई केलेल्या तांब्याचीच वायर घालावी, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून चार्जिंग तपासायची सवय अजून अनेकांना आहे. जुन्या डायनामोवर ते खपून जायचं. आल्टरनेटरमध्ये व्होल्टेज एकदम उसळतं आणि आतले डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, जळतात. कृपा करून हे करू नका.

नवी वायर, नवे लग, वरून ग्रीस. बॅटरीवर १४.१ आले. काकांचा नव्या आल्टरनेटरचा खर्च वाचला, याचा मला फार आनंद आहे.