पाऊस थांबल्यावरही तुटणारे चित्र

गेल्या पावसाळ्यात झड लागली आणि आमच्या नागपूरमधील त्रिमूर्तीनगरातल्या घरी टीव्हीचे चित्र तुटू लागले. आधी पडद्यावर चौकोन उमटत, आवाज अडखळे आणि मग ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येई. आमच्याकडे दूरदर्शनची फ्री डिश आहे. सह्याद्रीवरच्या सायंकाळच्या बातम्या हा माझ्या आईच्या दिवसाचा ठरलेला भाग असल्यामुळे हा बिघाड मला क्षुल्लक वाटला नाही.

सुरुवातीला मी सगळा दोष पावसाला दिला, आणि त्यात तथ्यही होते. उपग्रहावरून येणाऱ्या या लहरींची लांबी अडीच-तीन सेंटिमीटर असते. मुसळधार पावसाचे थेंब त्या शोषतात आणि विखुरतात, त्यामुळे काही मिनिटे चित्र जाणे स्वाभाविक आहे. परंतु अशा वेळी पावसाचा जोर ओसरताच चित्र परत यायला हवे. आमच्याकडे रात्री पाऊस थांबल्यावरही सकाळी दहा वाजेपर्यंत चित्र तुटत असे आणि दुपारी ऊन पडले की ते आपोआप सुधारे. हा फरक मला आठवडाभर वेळा लिहून ठेवल्यावरच दिसला.

त्याआधी आम्ही मेकॅनिकला बोलावले होते. त्यांनी एलएनबी, म्हणजे थाळीसमोरच्या दांड्यावर बसवलेला सिग्नल पकडणारा भाग, बदलला, डिश थोडी हलवून पाहिली, चित्र स्वच्छ दिसताच पैसे घेतले आणि ते गेले. त्या दिवशी लख्ख ऊन होते, म्हणून चित्र तसेही दिसलेच असते. दोन दिवसांनी पाऊस आला आणि पुन्हा तोच प्रकार सुरू झाला. जुना एलएनबी बहुधा चांगलाच होता, याची हळहळ मला आजही वाटते.

शेजारच्या काकूंचे मत होते की त्यांच्या अंगणातला कडुनिंब वाढून डिशच्या आड आला आहे, आणि त्या फांद्या छाटायलाही तयार होत्या. झाडाला हात लावण्यापूर्वी मी गणित करून पाहिले. फ्री डिशचा जीसॅट-15 हा उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर आहे. नागपूर 79 अंश पूर्व रेखांशाच्या जवळ असल्यामुळे तो आपल्याला आग्नेयेपासून दक्षिणेकडे साधारण 10 अंश सरकलेला आणि क्षितिजापासून सुमारे 60 अंश उंच दिसतो. म्हणजे 6 मीटर अंतरावरचे झाड आड येण्यासाठी ते डिशपेक्षा 10 मीटरहून अधिक उंच असावे लागेल. काकूंचा कडुनिंब डिशपेक्षा जेमतेम 4 मीटर उंच होता. फसगत होते ती डिशच्या आकारामुळे: घरगुती डिशमध्ये एलएनबी मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो, त्यामुळे तिची थाळी प्रत्यक्ष दिशेपेक्षा बऱ्याच खालच्या आकाशाकडे, थेट झाडाकडेच, पाहत असल्यासारखी वाटते. कडुनिंब वाचला, याचे मला फार समाधान आहे.

यानंतर मी सेट-टॉप बॉक्सच्या मेनूमधील सिग्नलचे पान उघडून ठेवू लागले. तिथे सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता अशा दोन पट्ट्या असतात. पूर्वीच्या अँटेनाच्या काळात सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या येत आणि त्या वाढत जात, त्यामुळे बिघाडाची आगाऊ सूचना मिळे; डिजिटल चित्र मात्र शेवटपर्यंत स्वच्छ राहते आणि एका मर्यादेखाली एकदम कोसळते. म्हणून हे आकडेच पाहावे लागतात. डिशची दिशा चुकली असेल तर बहुधा ताकद बरी दिसते आणि गुणवत्ता पडते. आमच्याकडे ओल्या सकाळी ताकद 85 वरून 50 च्या आसपास येई आणि गुणवत्ता 20 वर जाई. दोन्ही पट्ट्या एकदम पडत होत्या आणि ऊन पडल्यावर वर येत होत्या, यावरून माझा संशय डिशवरून केबलवर गेला.

एका उघडिपीच्या सकाळी, चित्र तुटत असतानाच, मी टीव्ही आणि बॉक्स गच्चीवर नेले आणि दोन मीटरच्या नव्या केबलने बॉक्स थेट एलएनबीला जोडला. गुणवत्ता लगेच 80 च्या वर गेली. डिश, एलएनबी आणि बॉक्स तिन्ही निर्दोष होते. (केबल काढण्या-जोडण्यापूर्वी बॉक्सचा प्लग काढावा, त्याच केबलमधून एलएनबीला 13 किंवा 18 व्होल्टचा पुरवठा जातो आणि केबलमधल्या बाहेरच्या जाळीची एखादी तार मधल्या तांब्याच्या तारेला टेकली तर बॉक्स बिघडू शकतो.)

मग गच्चीपासून खाली केबल हाताने चाचपत आले. खिडकीबाहेर, कूलरच्या लोखंडी स्टँडच्या मागे, दोन तुकडे जोडलेला एक सांधा सापडला. त्याच्यावरची काळी टेप उन्हाळ्याच्या 45 अंशांत विरघळून सुटली होती. गच्चीवरून सरळ उतरणाऱ्या केबलवरून पावसाचे पाणी ओघळत नेमके त्या सांध्यात शिरत होते. कनेक्टर उघडला तेव्हा तांब्याची तार हिरवट आणि जाळी काळी पडलेली होती. तिथे मला आईचे मे महिन्यातले वाक्य आठवले: “कूलर लावला की टीव्ही बिघडतो गं.” तेव्हा मी तिला व्होल्टेजचे कारण सांगून विषय संपवला होता. प्रत्यक्षात कूलरच्या ताट्यांमधून उडणारे पाणी रोज संध्याकाळी त्याच सांध्यावर पडत होते. तिचे निरीक्षण अचूक होते आणि मी ते तेव्हाच तपासायला हवे होते.

जाळीतून पाणी केबलमध्ये बरेच आत गेले होते, म्हणून नुसता सांधा बदलण्याऐवजी सीताबर्डीहून 22 मीटर आरजी-6 (डिशसाठी वापरतात ती) केबल आणून डिशपासून बॉक्सपर्यंत एकसंध टाकली. एलएनबीकडच्या कनेक्टरवर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळली आणि खिडकीत शिरण्याआधी केबलला खाली लोंबता वळसा दिला, म्हणजे पाणी त्या वळशावरून ठिबकून जाईल. केबल आता कूलरच्या विरुद्ध बाजूने येते. शेवटी एलएनबीच्या कनेक्टरवर आणि केबलवर दोन बादल्या पाणी ओतले. पट्ट्या हलल्या नाहीत.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी धो धो पाऊस आला, बातम्यांच्या मध्येच चित्र गेले आणि पाच-सात मिनिटांनी सर ओसरताच परत आले. आईने माझ्याकडे पाहिले. हा दोष मात्र पावसाचाच होता, असे मी तिला सांगितले आणि आम्ही पुढच्या बातम्या पाहिल्या.