'फार बेटर' आणि मी

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका अहवालावरच्या टिपणात लिहिलं होतं, 'द सेकंड ड्राफ्ट इज व्हेरी बेटर.' साहेबांनी 'व्हेरी'भोवती लाल गोल काढून कागद परत पाठवला. मी 'व्हेरी' खोडून 'मोअर' लिहिलं. पुन्हा गोल.

माझा घोळ मराठीतून आला होता. आपलं विशेषण तुलनेत जागचं हलत नाही. 'खूप चांगला' म्हणा की 'त्याच्यापेक्षा खूप चांगला' म्हणा, 'चांगला' तसाच आणि 'खूप'ही तसंच. इंग्रजीत मात्र 'गुड'चं 'बेटर' झालं की 'व्हेरी'शी त्याचं जमत नाही. तिथे 'मच', 'अ लॉट' नाहीतर 'फार' लागतं. आणि 'मोअर' तर 'बेटर'च्या पोटातच असतं.

हा 'फार' माझा लाडका. इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ 'दूर', पण मराठी कानाला तो घरचाच वाटतो. 'फार बेटर', 'फार मोअर डिफिकल्ट', सगळं बिनधास्त लिहावं. फक्त त्या भरात 'फार गुड' लिहू नये, मी एकदा लिहिलंय. 'बेस्ट'च्या आधी 'बाय फार द बेस्ट'. तिथे 'द व्हेरी बेस्ट'सुद्धा चालतं, म्हणजे हाकललेला 'व्हेरी' मागच्या दाराने परत आलाच!

मोजता येणाऱ्या गोष्टींना 'मेनी मोअर', बाकीच्यांना 'मच मोअर'. 'मच मोअर मिस्टेक्स' ही चूक घाईत अजूनही होते माझ्याकडून.

खरी नाजूक जागा 'इव्हन बेटर'ची. 'इव्हन बेटर' म्हटलं की आधीचंही चांगलं होतं, हे मान्य केल्यासारखं होतं. 'मच बेटर' तशी काही हमी देत नाही. एका सहकारी बाईंच्या दुसऱ्या मसुद्यावर मी कौतुकाने 'मच बेटर' लिहिलं, तर 'म्हणजे पहिला टाकाऊच होता का?' म्हणून त्या दोन दिवस अबोल. 'इव्हन' लिहायला हवं होतं. 'वे बेटर' बोलताना ठीक, अहवालात नको.

'मोअर बेटर'ला मात्र मी हसत नाही. शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर' नाटकातला अँटनी 'मोस्ट अनकाइंडेस्ट' म्हणतो, 'अनकाइंडेस्ट'च्या पोटात 'मोस्ट' आधीच असताना. आपला 'श्रेष्ठ' मुळात संस्कृतातलं तमभाववाचक, म्हणजे 'बेस्ट'सारखं 'सगळ्यात' सांगणारं रूप, तरी त्याला पुन्हा 'तम' जोडलेला 'श्रेष्ठतम' थेट यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात आहे. साहेबांना हे तेव्हा सांगता आलं असतं तर! अर्थात तिसरा गोल मिळाला असता.