आठ हा दोनाचा कितवा?

दहावीपर्यंत माझं सगळं गणित मराठीत झालं. अकरावीला सायन्स घेतलं आणि एका जूनमध्ये सगळंच इंग्रजी झालं. सरांनी फळ्यावर लॉग लिहिलं, त्याच्या पायाशी बारीक २, पुढे ८ आणि बरोबर ३. मी मागच्या बाकावर बसलेली. माझ्या वहीत ते 'लॉग २८ = ३' असं उतरलं. २८ चे ३ कसे होतात हे विचारायची हिंमत झाली नाही. वर्गात कुणीच विचारत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना कळलंय असंच वाटलं.

केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला कॅल्क्युलेटर चालत नसे. परमँगनेटचं टायट्रेशन झालं, ब्युरेटचं रीडिंग घेतलं की लॉगटेबल उघडायचं. ३१.६ गुणिले ०.०९८ करायचंय, तर ३१.६ चा लॉग १.४९९७; ०.०९८ चा २.९९१२, पण त्या २ वर आडवी रेघ, म्हणजे 'बार टू'. बेरीज ०.४९०९, त्याचा अँटिलॉग, म्हणजे लॉगवरून परत काढलेली संख्या, ३.०९७. उत्तर बरोबर यायचं. स्वयंपाकाची कृती पाठ करावी तसं मी ते पाठ केलं होतं. चव मात्र कळत नव्हती.

दिवाळीत डिप्लोमा करणारा चुलतभाऊ घरी आला, सोबत त्याचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर. मी हौसेने ०.०९८ चा लॉग काढला. आलं वजा १.००८८. टेबल तर बार टू पॉइंट ९९१२ म्हणत होतं! मी म्हटलं, "दादा, तुझा कॅल्क्युलेटर बिघडलाय."

"बार कशावर आहे? नुसत्या दोनावर ना? मग वजा तेवढे दोनच. पुढचे पॉइंट ९९१२ अधिक आहेत. कर बरं बेरीज."

वजा २ अधिक ०.९९१२. वजा १.००८८. मी गप्प.

"अगं, पण लॉग म्हणजे काय ते माहितीये ना?" मी मान हलवली, नाही म्हणून. तो म्हणाला, "टेबलातले लॉग सगळे दहाचे. शंभर हा दहाचा कितवा घात?"

"दुसरा."

"हजार?"

"तिसरा."

"झालं की मग. लॉग म्हणजे 'कितवा?'"

सातवी-आठवीत मी घात शिकले होते. २ चा तिसरा घात ८, हे झोपेतही सांगितलं असतं. मग आठ हा दोनाचा कितवा घात? तिसरा. फळ्यावरचं तेच होतं, फक्त प्रश्न उलट्या बाजूने विचारलेला. घातात ३ सांगतात नि ८ काढायला लावतात, लॉगमध्ये ८ सांगतात नि ३ विचारतात. इंग्रजीत 'कितवा'ला एक सुटसुटीत शब्दच नाही, हे मला पुढे लक्षात आलं.

त्या रात्री टेबल पुन्हा उघडलं. ९८ चा लॉग १.९९१२ का? कारण ९८ हे शंभराच्या अगदी दाराशी, म्हणून उत्तर दोनाच्या दाराशी. ३१.६ चा १.४९९७, म्हणजे जवळजवळ दीड. दहाचा 'दीडवा' घात! ऐकायला विचित्र, पण दहाला दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे ३.१६२ ने गुणलं की ३१.६२ येतात. आणि ९.८, ९८, ९८० सगळ्यांची पॉइंटनंतरची शेपटी ९९१२ च. दहाने गुणलं की पॉइंटआधीचा आकडा फक्त एकाने वाढतो. एकं, दहं, शतं, सहस्र म्हणत आपण शून्य, एक, दोन, तीन हेच मोजत असतो. बारची भानगडही इथेच उलगडली: शेपटी सदा अधिक ठेवली की ०.०९८ लाही तेच टेबल पुरतं.

गुणाकाराची बेरीज का होते, तेही आपोआप सुटलं. ८ दोनाचा तिसरा, ४ दुसरा, मग ३२ पाचवा. तरी पुढच्या चाचणीत मी लॉग २ अधिक लॉग ३ बरोबर लॉग ५ लिहून मार्क घालवलेच. बेरीज ०.७७८१ येते, तो ६ चा लॉग. ५ चा ०.६९९०.

पुढे वाचनात आलं की स्कॉटलंडच्या नेपियरने लॉगॅरिदम १६१४ मध्ये छापले, आणि घातांक डोक्यावर बारीक अक्षरात लिहायची आजची पद्धत फ्रेंच गणिती देकार्तने रुळवली ती १६३७ च्या पुस्तकातून. म्हणजे लॉग आधी आणि घातांकाची खूण नंतर! लॉग म्हणजे घातांकच, ही मांडणी स्विस गणिती ऑयलरने अठराव्या शतकात पक्की केली. दोन्ही खुणा एकमेकींसारख्या दिसत नाहीत, कारण त्या एका घरात वाढल्याच नाहीत. हे वाचून मला भारी बरं वाटलं.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी सरांनी फळ्यावर नुसतं लॉग एक्स लिहिलं, पायाशी काहीच नाही. या वेळी मी दुसऱ्या बाकावर होते. हात वर केला आणि तोंडातून मराठीच निघालं, "सर, कोणाचा कितवा?"

सर दोन क्षण थांबले. "ई चा," म्हणाले, म्हणजे २.७१८ च्या आसपासच्या त्या संख्येचा, आणि खडूने पायाशी बारीक ई काढला.