आयर्नची गोळी, मळमळ आणि हिमोग्लोबिन

आयर्नची गोळी सुरू केली आणि आठ-दहा दिवसांत गुपचूप बंद करून टाकली, असं सांगणाऱ्या बायका मला सतत भेटतात. डॉक्टरांनी विचारलं तर "घेतेय की" म्हणायचं आणि पाकीट ड्रॉवरमध्ये तसंच पडलेलं. कारण बहुतेक वेळा एकच असतं, मळमळ. त्यावर घरचे म्हणणार, अगं औषध आहे ते, थोडं सहन कर. मला हे अजिबात पटत नाही. मळमळ सहन करत गोळी गिळणं महिनोन्‌महिने कोणालाच जमत नाही, आणि आयर्न तर महिनोन्‌महिनेच घ्यावं लागतं. म्हणून कागदावरचा सगळ्यात चांगला डोस शोधण्यापेक्षा आपल्या पोटात टिकेल असा डोस शोधायचा, हे माझं आता ठाम मत झालंय.

माझा रिपोर्ट आला तेव्हा हिमोग्लोबिन ८.४ होतं. गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया म्हणतात, पुरुषांचं १३ च्या. फेरिटिन म्हणून एक टेस्ट असते, शरीराने किती लोह साठवून ठेवलंय त्याचा अंदाज देते, ती आली ६. ती १५ च्या खाली असली की साठा संपलाय असं धरतात. जिना चढला की कानात ठोके ऐकू यायचे, केस भरपूर गळत होते, आणि मी सारखी बर्फ चावत बसायचे. बर्फाची ही ओढ लोह कमी झाल्यामुळे लागू शकते हे मला डॉक्टरांनी सांगितलं, आणि उपचार सुरू झाल्यावर ती खरंच कमी होत गेली.

गोळी दिली ती १०० मिलिग्रॅम लोहाची, सकाळी उपाशीपोटी. गिळली की पहिली पंधरा-वीस मिनिटं काही नाही. मग तोंडात पाणी सुटायला लागायचं, जिभेवर नाणं धरून ठेवल्यासारखी चव, वरच्या ओठावर घाम, आणि शेजारच्या खोलीत कोणी कॉफी केली तरी तो वास नकोसा व्हायचा. उलटी होईलच असं नाही, पण बेसिनला धरून उभं राहायचं आणि ते जाईपर्यंत थांबायचं. त्यानंतर नाश्ता कोण करणार? म्हणजे ॲनिमियासाठी नीट खा म्हणून सांगितलंय आणि गोळीमुळे खाणंच कमी होतंय, असं उलटं चक्र सुरू झालं.

यामागचं कारण समजून घेतल्यावर मला फार बरं वाटलं, म्हणून ते आधी सांगते. लोहाचे क्षार, म्हणजे ज्या संयुगाच्या रूपात गोळीत लोह असतं ते, पोटाच्या आतल्या अस्तराला झोंबतात. लोह शोषलं जातं ते जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि गोळीतलं बरंचसं लोह शोषलं जातच नाही, ते तसंच पुढे जातं. वर मळमळ आणि जळजळ, खाली बद्धकोष्ठ किंवा जुलाब, हे सगळं त्या न शोषलेल्या लोहामुळे. म्हणजे डोस जितका मोठा तितका त्रास मोठा, पण फायदा त्या प्रमाणात वाढेलच असं अजिबात नाही.

आणि इथे एक गोष्ट आहे जी प्रत्येक ॲनिमियावाल्या माणसाला माहीत असायला पाहिजे असं मला वाटतं. आपलं लिव्हर हेप्सिडिन नावाचं हार्मोन तयार करतं. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की ते वाढतं आणि साधारण एक दिवस वाढलेलंच राहतं, आणि तोपर्यंत आतडं पुढचं लोह कमी आत घेतं. म्हणजे आज सकाळी घेतलेली गोळी उद्या सकाळच्या गोळीची वाट थोडी अडवून ठेवते. २०१७ मध्ये झुरिचमधल्या संशोधकांनी फेरिटिन कमी असलेल्या बायकांना ६० मिलिग्रॅम लोह काहींना रोज आणि काहींना एक दिवसाआड दिलं, तर रोज घेणाऱ्यांच्यात १६.३ टक्के शोषलं गेलं आणि एक दिवसाआड घेणाऱ्यांच्यात २१.८ टक्के. त्या बायकांना ॲनिमिया नव्हता, फक्त साठा कमी होता, त्यामुळे हिमोग्लोबिन खूपच खाली असेल किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टर रोजच घ्यायला सांगू शकतात आणि ते ऐकायचं. पण ज्यांचं रोजच्या गोळीने पोट बिघडतंय त्यांनी "एक दिवसाआड चालेल का" एवढं तरी विचारावंच. मी विचारलं, डॉक्टर लगेच हो म्हणाले.

दुसरं म्हणजे लेबल वाचायचं. पाकिटावर मोठ्या अक्षरात जो आकडा असतो तो बऱ्याचदा पूर्ण क्षाराचा असतो, त्यातलं प्रत्यक्ष लोह वेगळं. फेरस सल्फेटच्या ३२५ मिलिग्रॅमच्या गोळीत लोह फक्त ६५ मिलिग्रॅम असतं. फेरस फ्युमरेटमध्ये साधारण एक तृतीयांश, म्हणजे तेवढ्याच गोळीत शंभरच्या वर. फेरस ग्लुकोनेटमध्ये जेमतेम १२ टक्के. मैत्रिणीला ग्लुकोनेट "सौम्य" वाटलं आणि मला फ्युमरेट "कडक", यात खूपदा मुख्य फरक हाच असतो की पोटात गेलेलं लोहच कमी-जास्त असतं. त्यामुळे गोळी बदलून मागताना नुसतं दुसरं नाव मागू नका, त्यात लोह किती आहे ते विचारा. माझा डोस कमी करून दिला आणि पहिल्याच आठवड्यात फरक कळला. ज्यांना तेही सोसत नाही त्यांच्यासाठी लिक्विड असतं, त्याची सोय ही की डॉक्टरांना विचारून अगदी थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवता येतं. फक्त ते दातांवर डाग पाडतं, म्हणून पाण्यात मिसळून स्ट्रॉने प्यायचं आणि नंतर चूळ भरायची.

पोटाला त्रास होऊ नये म्हणून कोटिंगवाल्या, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्याही मिळतात. मळमळ कमी होते त्यांनी, खरंय, पण त्यातलं बरंचसं लोह जिथे शोषलं जातं तो भाग मागे गेल्यावर सुटतं. मला ते पटलं नाही म्हणून मी त्या वाटेला गेले नाही.

वेळेचं सांगायचं तर उपाशीपोटी घेतली की शोषण चांगलं होतं हे बरोबरच आहे. जेवणासोबत घेतली तर ते जवळपास निम्म्यावर येऊ शकतं. पण उपाशीपोटी घेतलेली गोळी जर उलटून पडणार असेल किंवा चार दिवसांनी बंदच होणार असेल तर त्या शोषणाचा उपयोग काय? मी आता रात्री, जेवणाच्या मधेच दोन-चार घास झाल्यावर घेते, पूर्ण ग्लासभर पाण्यासोबत. मळमळ आलीच तरी हलकी येते आणि झोपेत निघून जाते. एकच काळजी घ्यायची, गोळी घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, किमान अर्धा तास बसायचं किंवा फिरायचं, कारण ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे इजा करू शकते. आणि त्या जेवणात दूध, दही, चीज नको, चहा-कॉफी नको, कॅल्शियमची गोळी आणि ॲसिडिटीचं औषध तर त्या वेळेला नकोच. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी दोन्हींमध्ये ४ तासांचं अंतर ठेवायचं, काही अँटिबायोटिक्सनाही अंतर लागतं, तेव्हा चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या.

व्हिटॅमिन सी बद्दल खूप जण विचारतात. जेवणातल्या लोहासाठी ते खरंच कामाचं आहे, डाळीवर लिंबू पिळा, भाजीत टोमॅटो किंवा सिमला मिरची घाला, जेवणानंतर संत्रं खा, वनस्पतींमधलं लोह त्याने जास्त शोषलं जातं. पण गोळीसोबत वेगळी व्हिटॅमिन सीची गोळी घ्यायची काही मोठी गरज नाही, २०२० मध्ये ४४० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात व्हिटॅमिन सीसोबत आयर्न घेणाऱ्या आणि नुसतं आयर्न घेणाऱ्या दोन्ही गटांत हिमोग्लोबिन सारखंच वाढलं. ज्यांना आधीच जळजळ होते त्यांनी उगाच आणखी आंबट कशाला घ्यायचं.

आता खाण्याचं. लोहाची कमतरता इतकी झाल्यावर नुसत्या खाण्याने भरून काढणं फार कठीण असतं, हे स्पष्टच सांगते, कारण "गोळ्या नको, मी बीट खाईन" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. बीटचा रंग लाल आहे म्हणून त्याने रक्त वाढतं असं नसतं. १०० ग्रॅम बीटमध्ये लोह १ मिलिग्रॅमसुद्धा नाही, डाळिंबात तर त्याहून कमी. तेवढ्याच शिजवलेल्या मसुरात ३ मिलिग्रॅमच्या वर असतं. पालकात आकडा बरा दिसतो पण त्यातलं फार थोडं आपल्याला मिळतं. मांस, मासे, कलेजी यातल्या लोहाचा बराच भाग वेगळ्या रूपात असतो, तो सहज शोषला जातो आणि त्याच्यावर चहा-कॉफीचा तसा परिणामही होत नाही. जे खातात त्यांनी थोडं जरूर खावं, फक्त गरोदरपणात कलेजी टाळायची, त्यात व्हिटॅमिन ए फार असतं. शाकाहारी लोकांनी डाळी, राजमा, छोले, सोयाबीन, तीळ यावर भर द्यायचा, आणि भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यात आळस करायचा नाही, त्याने लोह अडवणारे घटक कमी होतात. लोखंडाच्या भांड्यात टोमॅटोसारखं आंबट काही शिजवलं तरी लोह उतरतं. आणि चहा सोडायची गरज नाही, जेवणानंतर तासाभराने घ्या, बस.

मळमळ असेल त्या दिवशी हे सगळं वाचूनच पोट ढवळतं, मला माहितीये. त्या दिवशी गरम, तेलकट, वासाचं काही करायचंच नाही. थंड किंवा कोमट खाणं सोसतं कारण वास कमी येतो. भाजलेले चणे, उकडलेल्या छोल्यांवर लिंबू आणि मीठ, सुका टोस्ट, असं दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं. पोट पूर्ण रिकामं राहिलं की मळमळ वाढते, हे माझ्या बाबतीत तरी शंभर टक्के खरं. आल्याचा तुकडा चघळून मला आराम पडतो.

शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका, न शोषलेल्या लोहाचा रंग आहे तो. मात्र डांबरासारखं चिकट, घाण वासाचं असेल किंवा रक्त दिसलं तर लगेच दाखवा. बद्धकोष्ठासाठी पाणी, फळं, चालणं, आणि तरीही जमत नसेल तर त्याचंही औषध मागा, लाजू नका.

अजून एक कळकळीने सांगते, थकवा आहे म्हणून कोणाच्या सांगण्यावरून आयर्न सुरू करू नका. ॲनिमिया बी१२ किंवा फोलेट कमी असल्यानेही होतो, आणि थॅलेसेमियात, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजारात, लोह आधीच जास्त साठलेलं असू शकतं, तिथे आणखी लोह म्हणजे नुकसान. लोहच कमी आहे हे ठरलं तरी ते का कमी झालं हा प्रश्न राहतोच. माझ्या बाबतीत पाळीतला जास्त रक्तस्राव होता आणि त्याचे उपचार वेगळे चालू आहेत. पुरुषांना आणि पाळी थांबलेल्या बायकांना लोहाची कमतरता निघाली तर पोटात कुठे रक्त जातंय का हे तपासायलाच हवं. आणि घरात लहान मुलं असतील तर गोळ्या कुलपात ठेवा, आयर्नच्या गोळ्या मुलांनी जास्त खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं, हे खूप घरांत माहीतच नसतं.

इतकं करूनही तोंडाने घेतलेलं सोसत नाही असेही लोक असतात. त्यांना सलाइनमधून लोह देता येतं, हॉस्पिटलमध्ये देखरेखीखाली, आणि तो पर्याय आपणहून विचारायला काहीच हरकत नाही. कमी डोसने हिमोग्लोबिन वाढायला थोडा वेळ जास्त लागतो पण वाढतं. साधारणपणे महिन्याभरात १ ते २ ग्रॅमनी वर यायला लागतं, अजिबातच हललं नाही तर परत जायचं. आणि नॉर्मल झालं की गोळी थांबवायची नाही, साठा भरायला पुढे साधारण तीन महिने लागतात. माझं हिमोग्लोबिन आता १२.३ आहे पण फेरिटिन अजून २२ च आहे, त्यामुळे एक दिवसाआड रात्रीची गोळी सध्या चालूच ठेवायला सांगितलीय.