ओटावातलं नुनावुत

12 एप्रिल 2022, ओटावा

काल नुनावुतने, कॅनडाच्या पार उत्तरेकडच्या प्रदेशाने, कोविडची आरोग्य आणीबाणी उठवली. इथल्या बातम्यांत दोन ओळी आल्या आणि गेल्या. मी मात्र संध्याकाळभर तेच घोळवत बसले. त्या प्रदेशाची साथ मी तिथे पाऊलही न टाकता, हॉटेलच्या काउंटरमागे उभी राहून बघितली आहे.

24 मार्च 2020 ला त्यांनी बाहेरच्यांना दार लावलं. महाराष्ट्राच्या सहापट मोठा मुलूख, माणसं चाळीस हजारांच्या आत, गावं 25, आणि एका गावातून दुसऱ्या गावाला जायला रस्ताच नाही. सगळा कारभार विमानावर. म्हणून तर दार लावणं जमलं. रहिवाशांनाही परतायचं असेल तर आधी कॅनडाच्या दक्षिणेकडच्या शहरांतल्या ठरलेल्या हॉटेलांत 14 दिवस काढायचे, मगच विमान. आमचं हॉटेल त्यांतलंच एक. राहण्याजेवणाचा खर्च सरकारकडे, दाराशी पहारेकरी, ठरलेल्या वेळी मागच्या अंगणात फेऱ्या. नियम मोडला की दिवस पुन्हा मोजायचे.

ही माणसं हौसेने हिंडायला आलेली नव्हती. अख्ख्या प्रदेशात रुग्णालय एकच, राजधानी इकालुइटला. केमो, अवघड बाळंतपण, हृदयाचं काही, यासाठी नुनावुतमधल्या बॅफिन बेटावरची माणसं ओटावालाच येतात. उपचार उरकले, घराची ओढ लागली, की आमच्याकडे चौदा दिवस.

त्याच बेटावरच्या पांगनिर्टंग गावच्या एक आजी होत्या. इंग्रजी जेमतेम, नातू फोनवरून दुभाष्याचं काम करायचा. त्यांची तक्रार एकच, खोली फार गरम. बाहेर कडाक्याची थंडी आणि या हीटर बंद करून बसलेल्या. आमच्या किचनचा पास्ता तसाच परत यायचा. मग गावाकडून गोठवलेल्या मासळीचं आणि कॅरिबूच्या, म्हणजे तिकडच्या रेनडियरच्या, मांसाचं खोकं आलं. आजींनी जमिनीवर पुठ्ठा अंथरला आणि उलूने, म्हणजे अर्धगोल पात्याच्या त्यांच्या सुरीने, कच्चंच कापून खायला घेतलं. विळीवर आमच्या आजीचा बसायचा तसाच हात बसलेला. खोलीत धारदार वस्तू चालते का, असं पहारेकऱ्याने मला विचारलं. मी म्हटलं, जेवतायत त्या.

नातवाने एकदा सहज सांगितलं, आजींच्या बहिणीला लहानपणी बोटीने नेलं होतं, ती परत आलीच नाही. पन्नासच्या दशकात 'सी. डी. हाउ' नावाचं सरकारी जहाज किनाऱ्या-किनाऱ्याने फिरायचं. जहाजावरच क्ष-किरण काढायचे, फुप्फुसात क्षय दिसला तर माणूस तिथूनच दक्षिणेच्या सॅनेटोरियमला. अनेकांना घरच्यांचा निरोप घ्यायलाही उतरू दिलं नाही. काही तिकडेच वारले, कुठे पुरलं हे घरी कळलंसुद्धा नाही. पंतप्रधान ट्रुडो यांनी त्याबद्दल माफी मागितली ती 2019 साली, इकालुइटला जाऊन. हे ऐकल्यावर, दक्षिणेत कोंडून ठेवण्याचा नियम या लोकांनी पाळलाच कसा, याचंच मला नवल वाटायला लागलं. कुरकुर व्हायची, रडारड व्हायची. तरी बहुतेकांनी पाळला.

त्याचं फळही मिळालं. जवळजवळ आठ महिने गावांत एकही निश्चित रुग्ण नव्हता. पहिला सापडला 6 नोव्हेंबर 2020 ला, हडसन उपसागरातल्या बेटांवरच्या सानिकिलुआकमध्ये. मग रँकिन इनलेट, व्हेल कोव्ह आणि सगळ्यांत वाईट अर्वियाट. तीन हजारांच्या आतल्या गावात दोनशेहून जास्त बाधित. 18 नोव्हेंबरपासून सगळ्या प्रदेशात टाळेबंदी लागली. इतरत्र ती दोन आठवड्यांत सैल झाली, अर्वियाटची लांबली. 'वेगळ्या खोलीत राहा' हे सांगणं सोपं, पण तीन पिढ्या दोन खोल्यांत झोपतात तिथे वेगळी खोली आणायची कुठून? क्षय अजून तिथून हटलेला नाही तो याच दाटीमुळे. मला विचाराल तर विषाणूला तिथे सगळ्यांत मोठी मदत घरांच्या टंचाईने केली.

डिसेंबरअखेर मॉडर्नाची लस पोहोचली. फायझरला त्या वेळी उणे सत्तरचं शीतगृह लागायचं, मॉडर्नाचं उणे वीसवर भागत होतं, म्हणून उत्तरेला ती दिली. आर्क्टिकमध्ये थंडीची वानवा, हा विनोद आमच्या स्टाफरूममध्ये बरेच दिवस चालला.

एप्रिल 2021 मध्ये साथ इकालुइटमध्ये शिरली. त्याच दिवसांत सांगलीत बाबा ऑक्सिजनवर, आणि 22 एप्रिलला कॅनडाने भारतातून येणारी विमानं थांबवली. गेले असते तर परत कधी येणार, याचा पत्ता नाही. आई म्हणायची, "येऊ नकोस गं, इथे येऊन तरी काय करणार आहेस?" आणि मी इकडे काउंटरवर घरी निघालेल्या माणसांना विमानाची वेळ सांगत होते. त्या महिन्यात मला त्यांचा हेवा वाटला, अगदी खरा. बाबा मेमध्ये घरी आले.

जूनमध्ये लसवंतांना विलगीकरणातून सूट मिळाली आणि आमचे मजले रिकामे व्हायला लागले. नाताळच्या तोंडावर ओमायक्रॉन आला. मग गावांतलं येणंजाणंही अडवलं, तरी तो पसरलाच. त्याच्यापुढे दारं-खिडक्या कुचकामी. पण तोवर बऱ्याच जणांच्या दंडात लस गेली होती. दोन वर्षांत मृत्यू दहाच्या आत राहिले.

हॉटेलची ही पद्धत क्रूर होती का, असं परवा एका मैत्रिणीने विचारलं. होती, आणि तिने जीवही वाचवले, असंच मी म्हटलं. तिला एकच काहीतरी ऐकायचं होतं. आता आणीबाणी उठली, पण अर्वियाटमधल्या त्या दोन खोल्यांच्या जागी चार कधी होणार, ते कालच्या बातमीत नव्हतं. बांधकामाचं सामान तिकडे जहाजाने जातं, तेही बर्फ वितळल्यावर उन्हाळ्यातच, म्हणजे या वर्षीचं अजून निघायचंय.