ओट्यात बसवलेलं नाव

मागच्या उन्हाळ्यात साताऱ्याला एक काम चालू होतं, जुना वाडा पाडून त्याच जागी नवीन घर, आणि किचनचा ओटा ग्रॅनाइटचा न करता काँक्रीटचा करूया असं मी सुचवलं तेव्हा घरातल्या आजी म्हणाल्या, "म्हणजे आमच्या कोब्यासारखा लाल का?" मी म्हटलं हो, तसाच. मग त्यांनी एक गळकी पितळी घागर आणून दिली, त्यावर त्यांच्या सासूबाईंचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. "हे कुठं बसतंय का बघ."

काँक्रीटचा ओटा उलटा ओततात, म्हणजे सनमायका लावलेल्या प्लायचा साचा करायचा आणि तळाला जे चिकटवाल ते उद्या वरच्या बाजूला दिसतं. मला या कामात सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. पोळपाट सरकू नये म्हणून एक गोल चकती चिकटवली, तिथे खळगा पडणार. सिंकच्या बाजूला पट्ट्या लावल्या, भांडी निथळायच्या खाचा होतील. कडेला सिलिकॉन फिरवलं की कोपरे आपोआप गोल. आणि नावाचा पितळी तुकडा कापून, सपाट करून तोंड खाली. सिमेंटच्या वजनाच्या 5 टक्के लाल ऑक्साइड, आत जाळी, दोन इंच जाडी, मग सहा दिवस ओली गोणपाटं.

उलटवायच्या दिवशी माझ्या पोटात गोळा होता, कारण आत काय झालंय ते तोपर्यंत कुणालाच दिसत नाही. पाच फुटी तुकडा, 110 किलोच्या आसपास, चौघांनी धरून उलटवला. खाचा स्वच्छ, खळगा स्वच्छ, थोडे बुडबुडे होते पण ते लुकण भरून जातात. नाव मात्र सिमेंटच्या पातळ थराखाली गेलेलं. मिस्त्रींनी बांबूच्या काडीने हळूहळू तो थर काढला आणि एकेक अक्षर वर आलं, आजी बाजूला स्टुलावर बसून बघत होत्या, काही बोलल्या नाहीत.

आम्ही चहाला गेलो. परत आलो तर आजी अर्धं लिंबू आणि मीठ घेऊन ते पितळ घासतायत! आयुष्यभर पितळ असंच घासलेलं, त्यांचं काय चुकलं? पण सीलर, म्हणजे पृष्ठभाग झाकणारा संरक्षक लेप, न लावलेल्या सिमेंटवर लिंबू म्हणजे ॲसिड, पितळाभोवती बारीक फेस यायला लागला होता. मी धावत जाऊन पाणी ओतलं, तोवर हातभर जागा फिकट आणि खरखरीत, वाळूचे कण उघडे पडलेले. आजींचा चेहरा एवढा उतरला की मला ओरडल्याचं वाईट वाटलं.

ग्राइंडर मारून जागा सारखी करता आली असती, पण कोरलेली अक्षरं जेमतेम अर्धा मिलिमीटर खोल, ती पुसली गेली असती, आणि ते मला चालणारच नव्हतं. बराच वेळ त्या डागाकडे बघत बसले. मग सुचलं, की ॲसिडने मॅट फिनिश तर मुद्दामही करतात. नावाभोवती टेप लावून चौकट आखली, आजींनाच म्हटलं आता आतमध्ये एकसारखं लिंबू फिरवा, त्यांनी फिरवलं, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसलं आणि धुवून टाकलं. चौकटीबाहेर सांडलेलं होतं तेवढं बारीक पॅडने हाताने घासलं. टेप काढल्यावर गुळगुळीत लाल ओट्यात एक फिकट, बोटांना वाळूसारखी लागणारी चौकट आणि मधे पिवळं नाव. कागदावर डिझाइन करताना मला हे कधीच सुचलं नसतं.

28 दिवस झाल्यावर सीलर मारला. तरी लिंबू, चिंच, हळद लगेच पुसायची असं सांगून आलेय, आणि लिंबू चिरायला एक लाकडी फळी करून दिलीय, ती सिंकशेजारी ठेवतात. आजी सकाळी ओटा पुसताना ती चौकट शेवटी पुसतात म्हणे, सून सांगत होती.